ड्रेस्डेनला निघालेल्या बडोद्याच्या मुलीला

तुझा प्रश्न थोडक्यात असा: ऑक्टोबरपासून जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत मास्टर्स सुरू होतंय, विमानात २३ किलोच्या दोन बॅगा चालणार आहेत. आई म्हणते वर्षभराचे मसाले आणि डाळी ने, बाबा म्हणतात गरम कपडे इथूनच घेऊन जा. शिवाय, ताई, तिथे बघायला काही आहे का, की अभ्यासातून वेळच मिळत नाही? मी रावपुऱ्यात वाढले, म्हणजे तुझ्या दांडिया बाजाराच्या शेजारीच, आणि आता बरीच वर्षं ड्रेस्डेनमध्ये नोकरी करते. त्यामुळे दोन्ही टोकं मला माहीत आहेत.

माझं ठाम मत आधी सांगते. बॅग पहिल्या तीन आठवड्यांसाठी भर, दोन वर्षांसाठी नको. डाळ, तांदूळ, कणीक, हळद, तिखट सगळं ड्रेस्डेनच्या भारतीय आणि आशियाई दुकानांत मिळतं. जे इथे मिळत नाही किंवा मिळवायला फार वेळ लागतो, तेवढंच आण. आणि फिरायचं म्हणशील, तर ते शेवटच्या सत्रासाठी ठेवू नकोस. तेव्हा प्रबंध असतो, नोकरीचा शोध असतो. पहिल्याच सत्रात सुरुवात कर.

सगळ्यात मोलाचं सामान कागदांचं. मूळ गुणपत्रिका, पदवी, एपीएस सर्टिफिकेट (आपली पदवी खरी असल्याचा जर्मनीला चालणारा दाखला), प्रवेशाचं पत्र, विम्याचं आणि ब्लॉक्ड अकाउंटचं (व्हिसासाठी वर्षाचा खर्च आधीच भरून ठेवायच्या खात्याचं) पत्र, बायोमेट्रिक फोटो, हे सगळं हातातल्या बॅगेत. झेरॉक्सचा एक संच मोठ्या बॅगेत, स्कॅन मेलवर. राहायला गेलीस की दोन आठवड्यांत महापालिकेच्या कचेरीत पत्ता नोंदवायचा असतो, त्याला आनमेल्डुंग म्हणतात. त्यासाठी घरमालकाने सही केलेला ताब्याचा कागद लागतो, तो हॉस्टेलकडून पहिल्याच दिवशी मागून घे. ही नोंदणी झाली नाही तर टॅक्स नंबर, निवास परवाना, बरेचदा बँकेचं खातंसुद्धा अडून राहतं. कचेरीची वेळ ऑनलाइन घ्यावी लागते आणि ऑक्टोबरमध्ये झुंबड असते, म्हणून ती बडोद्यात असतानाच बघून ठेव.

पैशांचं असं की ब्लॉक्ड अकाउंटमध्ये ११,९०४ युरो भरलेले असले तरी त्यातले महिन्याचे ९९२ युरो इथलं खातं उघडल्याशिवाय हातात येत नाहीत. तोवर पहिलं भाडं आणि डिपॉझिट द्यावंच लागतं. तेवढे पैसे फॉरेक्स कार्डावर आण आणि दोन-तीनशे युरो रोख जवळ ठेव. भारतातलं सिमकार्ड बंद करू नकोस, बँकेचे ओटीपी त्यावरच येतात.

औषधांच्या बाबतीत आईचं ऐक. जर्मनीत साधी पॅरासिटॅमॉलसुद्धा फक्त औषधांच्या दुकानात मिळते, सुपरमार्केटमध्ये नाही. रविवारी ही दुकानं बंद असतात, फक्त पाळीवरचं एखादं उघडं. अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय कुणी देणार नाही. तुझी नेहमीची औषधं, ताप-सर्दी-पोटाची थोडी, आणि त्यांची मूळ नावं लिहिलेली डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी, एवढं घे. दात दाखवून ये. चष्म्याची एक जास्तीची जोडी करून घे, इथल्या सरकारी विम्यात मोठ्यांच्या चष्म्याचा खर्च सहसा मिळत नाही.

आता खाणं, ज्यावरून घरात वाद चाललाय. युरोपियन युनियनच्या बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूध आणि मांस यांचे पदार्थ आणायला बंदी आहे. म्हणजे दुलीरामचे पेढे नाहीत, घरचं तूप नाही, बर्फी नाही. आंबे, लिंबं, ताजा कढीपत्ता हेही नाही. निरोप द्यायला येणारा प्रत्येक जण पेढ्यांचा पुडा आणेल, ते घरीच वाटून टाका. चालतं काय, तर भाकरवडी, चिवडा, तेलातले खाखरे, पापड, कुरडया, लोणचं. लोणचं तेल सुटणारं असतं, बरणी दोन पिशव्यांत घालून कपड्यांच्या मधोमध ठेव. आपला घरचा गोडा मसाला, मेतकूट, थालीपिठाची भाजणी, चांगला हिंग, यांना इथे पर्याय नाही. ते किलोभर जास्त झालं तरी आण. प्रत्येक पुड्यावर आत काय आहे ते इंग्रजीत लिही, कस्टम्सवाल्याला भाजणी आणि मेतकूट यांतला फरक सांगत बसावं लागू नये.

पहिल्या दोन दिवसांचं खाणं मात्र जवळ असू दे. रविवारी सगळी दुकानं बंद असतात, रेल्वे स्टेशनातली तेवढी उघडी. ३ ऑक्टोबरला राष्ट्रीय सुट्टी, ३१ ऑक्टोबरला सॅक्सनी या इथल्या राज्यात रिफॉर्मेशनची, म्हणजे ख्रिस्ती धर्मसुधारणेच्या दिवसाची सुट्टी. शनिवारी रात्री पोहोचणारं तिकीट शक्यतो काढू नकोस.

भांड्यांत तीन लिटरचा कुकर घे, पण इंडक्शनवर चालणारा, जाड स्टीलच्या बुडाचा. हॉस्टेलात गॅस नसतो, काचेच्या सपाट शेगड्या असतात. अ‍ॅल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापतच नाही. कुकरची एक जास्तीची शिट्टी आणि रबर घे. लाटणं घे, पोळपाट नको. फोडणी करताना स्वयंपाकघराचं दार लाव आणि खिडकी उघड. धुराचा अलार्म वाजून अग्निशमन दल आलं, तर त्याचं बिल विद्यार्थ्याच्या माथी येऊ शकतं. आपल्या दोन पिनांचे चार्जर इथल्या सॉकेटमध्ये बसतात, तीन पिनांचे नाहीत. एक अ‍ॅडाप्टर आणि एक चांगला एक्स्टेन्शन बोर्ड पुरे. पॉवर बँक हातातल्या बॅगेत, खालच्या सामानात चालत नाही.

बाबांना सांग, मंगळ बाजारातून जाड स्वेटर घेऊ नका. बडोद्याच्या दुकानदाराला उणे दहाची थंडी माहीत नाही, आणि त्याने ती माहीत असण्याचं कारणही नाही. तिथून सुती आतले कपडे, मोजे, टॉवेल, पातळ ओढण्या घे, त्या स्वस्त आणि छान. अंगाला घट्ट बसणारे थर्मलचे दोन जोड आण. कोट आणि पाणी न शिरणारे बूट इथे येऊन घे. थंडी खरी नोव्हेंबरपासून चावते, ऑक्टोबर एका जॅकेटवर निभतो. अंधाराची मात्र मनाची तयारी ठेव: ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात आणि डिसेंबरात चारच्या सुमारास सूर्य मावळतो. नवरात्र तुझी हुकेल, लेक्चर्स त्याच दिवसांत सुरू होतात. पण दिवाळीला इथली भारतीय मुलं एकत्र जमतात, म्हणून एक हलका चनिया-चोळी किंवा साडी आण. घरच्या देवातला छोटा पितळी गणपतीही आण. बाकी आठवणींच्या वस्तूंना वजन असतं, फोटो फोनमध्ये पुरतात.

आता बघण्याचं. निघण्याआधी एक सकाळ कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये घालव. आपण लहानपणी तिथे देवमाशाचा सांगाडा बघून परत फिरतो, वरच्या युरोपियन चित्रांकडे कुणी बघत नाही. सयाजीराव महाराजांनी ती चित्रं बडोद्याच्या लोकांसाठी जमवली, आणि पुढे १९४० च्या दशकात त्या म्युझियमचा कारभार हर्मान गोएत्झ या जर्मन कलाइतिहासकाराने पाहिला. ती चित्रं डोळ्यांखालून घाल आणि मग ड्रेस्डेनच्या त्स्विंगर राजवाड्यातली गॅलरी बघ. तिथे इटालियन चित्रकार राफाएलचं सिस्टाइन मॅडोना हे चित्र आहे, १७५४ मध्ये इटलीहून आणलेलं. खाली कठड्यावर रेलून वर बघणारी दोन पंखवाली मुलं तू कितीतरी भेटकार्डांवर पाहिली असशील, ती याच चित्रातली.

पण तुझ्यासाठी मी सगळ्यात आधी सांगेन ते ग्रूनेस गेव्योल्बे, सॅक्सनीच्या राजांचा रत्नखजिना. त्याचे दोन भाग आहेत. जुन्या भागाला ठरलेल्या वेळेचं तिकीट लागतं. नव्या भागात तू जे बघशील ते मराठी माणसाने बघितलंच पाहिजे असं मला मनापासून वाटतं. योहान मेल्खिओर डिंगलिंगर या सोनाराने १७०१ ते १७०८ या काळात राजा ऑगस्टसाठी औरंगजेबाच्या वाढदिवसाचा दरबार घडवला. शंभराहून अधिक सोन्याच्या, मिन्याच्या चिमुकल्या आकृत्या, हत्ती, उंट, नजराणे, आणि जवळजवळ पाच हजार हिरे. डिंगलिंगर भारतात कधी आला नाही, प्रवाशांच्या वर्णनांवरून त्याने हे रचलं. सिंहासनावर बादशहा निवांत बसलाय, सगळे त्याच्यापुढे वाकलेत. आणि ती वर्षं बघ. त्याच वर्षांत खरा औरंगजेब दख्खनमध्ये म्हातारपणी तंबूत राहून एकेका किल्ल्यासाठी झगडत होता, समोर महाराणी ताराबाई होत्या, आणि १७०७ मध्ये तो अहमदनगरजवळ मेला. युरोपला दिसलेलं वैभव आणि आपल्याला ठाऊक असलेली लढाई एकाच काचेच्या पेटीत एकमेकांवर येतात. शिवाय हा वाढदिवस ज्याचा, तो जन्मला आपल्या दाहोदला, बडोद्याहून रतलामकडे जाणाऱ्या गाडीच्या वाटेवर. त्या पेटीपुढे घाई करू नकोस. तिथेच ड्रेस्डेन ग्रीन हा सुमारे ४१ कॅरटचा हिरवा हिरा आहे, तोही भारतातला.

बाहेर पडलीस की ऑगस्टस रस्त्यावर पोर्सेलिनच्या फरश्यांची १०२ मीटर लांब भिंत आहे, तिच्यावर सॅक्सनीच्या राजांची मिरवणूक. हे फुकट, रात्रीही बघता येतं. जवळच फ्राउएनकिर्शे हे चर्च. फेब्रुवारी १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात शहर जळलं आणि हे चर्च कोसळलं. ढिगारा दशकानुदशकं तसाच पडून होता. जुने दगड ओळखून ओळखून परत लावले आणि २००५ मध्ये ते पुन्हा उभं राहिलं. भिंतीतले काळे दगड जुने आहेत, उजळ ते नवे.

प्रवासाचं गणित सोपं आहे. बऱ्याच विद्यापीठांत सत्राच्या फीमध्येच देशभर चालणारं सवलतीचं तिकीट येतं, तुझ्या फीच्या तपशिलात ते शोध. विद्यार्थी नसलेल्यांना तेच डॉइचलँडटिकिट जानेवारी २०२६ पासून महिना ६३ युरोंना आहे. ट्राम, बस, लोकल आणि प्रादेशिक गाड्या त्यात बसतात, आयसीईसारख्या लांबच्या जलद गाड्या बसत नाहीत. म्हणजे पहिल्या कोरड्या रविवारी एस-१ लोकल पकड आणि राथेनला उतर. नावेने एल्बे नदी ओलांड आणि चढून बास्टायला जा. वाळूच्या दगडाचे उंच सुळके, त्यांच्यामधून १८५१ मध्ये बांधलेला दगडी पूल, आणि खाली १९४ मीटरवर नदी. पावागड पायी चढलेली असशील तर ही चढण काहीच नाही. बुटांना पकड हवी, पावसाने पायऱ्या निसरड्या होतात.

याच भागातल्या लोह्मेन गावात १८६५ मध्ये गुस्ताव क्रुम्बिगेल जन्मला. तो १८९३ मध्ये बडोदा संस्थानात बागांचा प्रमुख म्हणून आला आणि नंतर म्हैसूरला जाऊन त्याने बंगळूरचा लालबाग सांभाळला. इकडून तिकडे गेलेला माणूस आहे हे मला फार आवडतं, म्हणून तुला सांगितलं. बागांचीच आवड असेल तर फेब्रुवारीच्या शेवटी पिल्नित्सच्या राजवाड्यात जा. तिथे दोनशे वर्षांहून जुनं कॅमेलियाचं झाड आहे. थंडीत त्याच्यावर चाकांवरचं काचघर सरकवतात आणि आत ते लाल फुलांनी भरतं.

डिसेंबरात श्ट्रीत्सेलमार्क्ट, १४३४ पासूनचा नाताळ बाजार. तिथे आठवड्याच्या मधल्या दिवशी जा, शनिवारी पाय ठेवायला जागा नसते.

लांबच्या सहली त्यानंतर. प्राग रेल्वेने अडीच तासांच्या आसपास. जर्मनीचा निवास परवाना असला की बाकी शेंगेन देशांत (एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपातल्या देशांत) १८० दिवसांत ९० दिवस वेगळ्या व्हिसाशिवाय फिरता येतं, पण पासपोर्ट आणि परवाना दोन्ही जवळ हवेत. सीमेवर गाडीत तपासणी होते, फोनमधला फोटो चालत नाही. पॅरिसला जायचं तर २६ पूर्ण होण्याआधी जा. युरोपात राहण्याचा परवाना असलेल्या त्या वयाच्या मुलांना तिथलं लूव्र म्युझियम फुकट आहे, फक्त वेळ आधी ऑनलाइन घ्यावी लागते.

हॉस्टेलचा पत्ता आला की मला कळव. तिथून कचेरी, मसाल्यांचं दुकान आणि जवळचा ट्रामचा थांबा कोणता, ते लिहून पाठवते. आणि बॅगांचं अंतिम वजन करायच्या आधी आईशी एकदा माझं बोलणं करून दे, डाळींचं मी त्यांना समजावते.