सांभाळून राहावं लागतं, म्हणजे मनात काहीतरी आहेच ना?

मी जोडप्यांचं समुपदेशन करते, तेव्हा हा प्रश्न मला बायका विचारतात, नवरेही विचारतात. यावेळी तो डॅलसच्या एका जोडप्याकडून आला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) माझी सकाळची साडेसात, त्यांची रात्रीची नऊ. नवरा सोमवार ते गुरुवार कामासाठी परगावी. टीममधली एक जण आपल्याला आवडायला लागलीय असं त्याच्या लक्षात आलं, म्हणून तो तिच्यासोबत एकटा जेवायला जाणं टाळतो. हे त्यानंच बायकोला सांगून टाकलं. त्याला वाटलं, आपण प्रामाणिक वागलो. ती दोन महिने धड झोपली नव्हती.

"मॅडम, जॉनी कॅशसुद्धा हेच म्हणतो ना, 'आय वॉक द लाइन'मध्ये," तो म्हणाला. कॅश म्हणजे अमेरिकन गायक, आणि गाण्याच्या नावाचा अर्थ साधारण 'मी रेषा सोडत नाही'. गाडीत त्याचं हे गाणं चालू असतं.

गाणं माझ्याही आवडीचं. 1956 चं, मेम्फिसच्या सन रेकॉर्ड्सचं. कॅशच्या लग्नाला तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती. तो कार्यक्रमांसाठी गावोगाव, बायको विवियन घरी. कंट्री म्हणजे अमेरिकन ग्रामीण ढंगाच्या गाण्यांत तेव्हा बेइमानीचा सुकाळ होता. 1953 चं हँक विल्यम्सचं 'युअर चीटिन हार्ट' (तुझं बेइमान मन) घ्या. कॅशच्या गाण्यात मात्र नवराच स्वतःच्या मनावर पहारा देतोय. गाणं कंट्रीच्या लोकप्रियतेच्या यादीत पहिलं आलं, पॉपच्या यादीतही शिरलं. ड्रम नाहीत, गिटारच्या तारांत कागद अडकवून काढलेला तो आगगाडीसारखा ठेका पुढे कितीजणांनी उचलला. आणि कडव्यांच्या आधी कॅश नुसता हं... करून गुणगुणतो. पट्टी बदलायची असते, म्हणून पुढचा सूर आधी चाचपून घेतो. मला तेवढंच पुन्हा पुन्हा ऐकावंसं वाटतं.

तिला मी म्हटलं, ओढ वाटणं कुणाच्या हातात नसतं, जेवायला न जाणं असतं. दाराला कडी लावली म्हणजे घरात चोरी झाली असं नव्हे.

तिनं ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्या विवियनचं पुढे काय झालं?"

खरं ते सांगावं लागलं. चार मुली झाल्या. कॅशचे दौरे वाढले, गोळ्यांचं व्यसन लागलं. 1966 मध्ये विवियननं घटस्फोटाचा अर्ज केला. तिच्या आठवणींचं पुस्तक 2007 मध्ये, ती गेल्यावर आलं. नाव 'आय वॉक्ड द लाइन'.

नवरा गप्प झाला. मी विचारलं, गुरुवारी घरी आल्यावर तुम्ही काय करता?

"बॅग रिकामी करतो, कपडे मशीनला लावतो. मग मेल बघतो."

"आणि ही त्या वेळी काय करत असते?"

त्याला आठवेना. बाहेरचा पहारा चोख होता, घरात मात्र लक्ष नव्हतं. मग ठरलं, बॅग दाराशीच ठेवायची आणि आधी पंधरा मिनिटं ओट्यापाशी तिच्याजवळ उभं राहायचं. सहकारी बाईबद्दलचे प्रश्न तिनं माझ्यासमोरच काढायचे, रात्री बारा वाजता नाही.

तिसऱ्या आठवड्यात ती सांगत होती, "येतो, ओट्याला टेकून उभा राहतो. बोलायचं काय ते सुचत नाही त्याला, नुसतं हं हं करत बसतो." आणि हसली, इतक्या दिवसांत पहिल्यांदा.