दीड जीबीत आई-बाबांसोबत बघता येतील असे अलीकडचे मराठी चित्रपट?

नांदेडला वायफाय नाही, रोजचा दीड जीबी डेटा, सोबत आई-बाबा. एवढं धरून सांगतो.

पहिला 'गोदावरी' (2021). नदी आपलीच, फक्त वरच्या अंगाची, नाशिकची. घाटाजवळच्या दुकानांचं अन् खोल्यांचं भाडं वसूल करत फिरणारा चिडका निशिकांत जितेंद्र जोशीनं असा उभा केलाय की त्याला गोव्याच्या इफ्फी या चित्रपट महोत्सवात पुरस्कार मिळाला. संथ आहे, जेवता जेवता लावू नका. हसायचं असेल तर 'वाळवी' (2023), पण पहिली दहा मिनिटं चुकवली की खुनाचा बेत कळणार नाही. 'आत्मपॅम्फ्लेट' (2023) शाळेतल्या प्रेमातून जातीवर येतो, अन् हसवत येतो. 'जून' (2021) आपल्या औरंगाबादचा आहे, चांगला आहे. पण आत्महत्येचा विषय अन् अवघडलेले प्रसंग, तो एकट्यानं बघा.

आता डेटा. एचडीत तासाला 3 जीबीपर्यंत जातात, म्हणजे अर्ध्या तासात कोटा खलास. क्वालिटी 'स्टँडर्ड' ठेवून डाउनलोड करा. रात्री साडेअकराला निम्मा, बारानंतर नव्या कोट्यातून उरलेला. प्ले दाबायची घाई नको, बऱ्याच ॲपवर तिथून बघून संपवायला 48 तासच मिळतात.

टीव्हीवर संवाद पुटपुटल्यासारखे अन् संगीत मात्र कानठळ्या बसवणारं येत असेल, तर ऑडिओत 5.1 ऐवजी स्टिरिओ निवडा. टीव्हीच्या दोन बारक्या स्पीकरांना सहा वाटांचा आवाज झेपत नाही.