पहिल्यांदाच एकटा जपानला निघालास तर

सगळ्यात आधी सात दिवसांचा जेआर पास, म्हणजे जपान रेल्वेच्या गाड्यांनी हवं तितकं फिरायचा पास, डोक्यातून काढ. ऑक्टोबर २०२३ मध्ये तो २९,६५० येनवरून थेट ५०,००० वर गेला. तोक्यो-क्योतो शिंकान्सेनचं (बुलेट ट्रेनचं) एकेरी तिकीट साधारण १४,००० येन, म्हणजे जाऊन-येऊनही पास वसूल होत नाही. त्यापेक्षा रात्रीची बस पकड. पाठ आखडते, पण एका रात्रीच्या हॉस्टेलचे पैसे वाचतात. पहाटे उतरल्यावर बॅग स्टेशनच्या लॉकरमध्ये टाकायची आणि फिरायला मोकळं.

जेवणासाठी सुपरमार्केट गाठ, तेही रात्री आठच्या सुमारास. एक कर्मचारी डब्यांवर स्टिकर लावत फिरत असतो; त्यावर ‘हानगाकु’ असेल तर किंमत निम्मी. मी तर त्याच्या मागे मागे, उगाच सोया सॉस बघत असल्याचं नाटक करत फिरायचो!

शाकाहारी असशील तर मात्र जपून. साध्या दिसणाऱ्या सूपमध्येही दाशी, म्हणजे चवीसाठी उकळून काढलेलं पाणी, असते, आणि ती बहुतेकदा माशाची. थेपले, मेतकूट घरूनच ने.

एप्रिलअखेर ते मेच्या पहिल्या आठवड्यात जाऊ नकोस. तिथे गोल्डन वीकची सुट्टी असते, खोल्यांचे भाव भडकतात. आणि हो, रस्त्यावर कचरापेट्या फारशा नसतात, खिशात एक पिशवी ठेव.