विमानतळावर बार उडवून पाखरं खरंच जातात का?

तुम्ही विचारलंय की विमानतळावर पाखरं हाकलायला बार उडवतात, त्यानं ती जातात का आणि आसपासच्या शेतकऱ्यांचा त्यात काय संबंध. मी बेळगावजवळच्या मुतग्याचा, आमचं शेत सांबऱ्याच्या विमानतळाच्या बाजूला. लहानपणी जोंधळ्याच्या राखणीला माळ्यावर बसायचो, त्यामुळे पाखरांचा स्वभाव जवळून पाहिलाय.

जातात, पण चार दिवस. गोफणीचा पहिला दगड सुटला की अख्खा थवा उठतो. आठवड्याभरात तीच पाखरं नुसती उडाल्यासारखं करून पलीकडच्या कणसावर बसतात. गॅसवर वाजणाऱ्या तोफेचंही तेच. एकाच जागी, ठरावीक वेळानं वाजत राहिली तर टिटवी मानसुद्धा वळवत नाही. म्हणून तोफेची जागा आणि वेळ बदलावी लागते, मध्येच फटाके, मध्येच त्याच जातीच्या भेदरलेल्या पाखराचं ओरडणं लाउडस्पीकरवर. माझ्या मते या सगळ्याहून गाडीतून फिरत नजर ठेवणारा माणूस मोलाचा.

खरी गोष्ट पोटाची आहे. नांगरटीला ट्रॅक्टरमागे बगळे येतात, तसंच धावपट्टीकडेचं गवत कापलं की किडे उघडे पडतात आणि पाखरं उतरतात. टिटवीला तर मोकळी जमीनच हवी, अंडीही ती उघड्यावर घालते. उंच गवतात तिला लांबचा शत्रू दिसत नाही, म्हणून ती टाळते. काही देशांत त्यासाठी गवत मुद्दाम 15-20 सेंटिमीटर राखतात. त्याहून वाढू दिलं तर उंदीर माजतात आणि उंदरांमागे घारी. पक्षी धडकला की त्याची पिसं गोळा करून जात ओळखतात, तीही याचसाठी. जात कळली की तो तिथं काय खायला आला होता याचा अंदाज येतो. मारून भागत नाही. घार आणि टिटवी दोघींनाही 1972 च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, आणि खाणं तिथंच राहिलं तर रिकाम्या जागी दुसरी येते.

एवढ्याशा पाखराला काय भ्यायचं, असं आमच्या कट्ट्यावरही म्हणतात. पण विमानाचा वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर चौपट होतो. 19 जून 2022 ला पाटण्याहून निघालेल्या विमानाच्या इंजिनात पक्षी शिरून आग लागली. आत 185 प्रवासी होते, विमान सुखरूप परत उतरलं. 15 जानेवारी 2009 ला न्यूयॉर्कमध्ये रानहंसांच्या थव्यानं दोन्ही इंजिनं बंद पाडली आणि 155 जणांसह विमान नदीवर उतरवावं लागलं. तेही सगळे वाचले. 1960 मध्ये बोस्टनला मात्र साळुंकीएवढ्या पाखरांच्या थव्यामुळे 62 माणसं गेली.

आता आपला संबंध. विमान नियम 1937 मधल्या 91 व्या नियमानुसार विमानतळापासून 10 किलोमीटरच्या आत जनावर कापून सोलणं आणि घारी-गिधाडं येतील असा कचरा उघड्यावर टाकणं मना आहे. बाळेकुंद्री, निलजी, आमचं मुतगे, सगळी त्यात येतात. आमच्या ओढ्यात एक कोंबडीवाला रात्री पोत्यानं आतडी टाकायचा. सकाळी दहाला ऊन तापलं की त्याच जागेवर घारी गिरक्या घेत वर चढायच्या. पंचायतीत दोनदा गेलो, तेव्हा थांबलं. पावसाचं पाणी आलं, तरी महिनाभर घारी रोज येऊन बघून जायच्या.

तुमच्या शिवारात मेलेलं जनावर माळावर टाकायची रीत असेल तर खोल खड्ड्यात पुरा. आणि ओढ्यात कुणी पोती टाकताना दिसलं तर पंचायतीबरोबर विमानतळाच्या अधिकाऱ्यांनाही कळवा.