वाचकांचे प्रश्न: सॅटर्न एवढी लाडकी का होती आणि बंद का पडली?

मागच्या अंकात बंद पडलेल्या अमेरिकन ब्रँडांबद्दल थोडं लिहिलं होतं, त्यात जनरल मोटर्सच्या सॅटर्न या गाड्यांच्या ब्रँडचा उल्लेख एका ओळीचा होता, आणि पत्रं मात्र सगळ्यात जास्त तिच्यावरच आली. त्यातली अर्ध्याहून जास्त स्वतः गाडी वापरलेल्यांची किंवा घरात ती बघत वाढलेल्यांची आहेत. म्हणून या वेळी बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर टाकलेत, फक्त सॅटर्न.

प्रश्न: जनरल मोटर्सकडे आधीच शेव्हरोले, पॉन्टिॲक, ओल्ड्समोबील, ब्युइक, कॅडिलॅक एवढं सगळं होतं. मग अजून एक नवी कंपनी कशाला काढली?

जपानी गाड्यांमुळे. सत्तरच्या दशकात पेट्रोल दोनदा भडकलं, लोक छोट्या गाड्या शोधायला लागले आणि तिथे टोयोटा, होंडा तयारच बसले होते. जनरल मोटर्सच्या, म्हणजे जीएमच्या, छोट्या गाड्या, व्हेगा वगैरे, लोकांनी घेऊन बघितल्या आणि नाव खराब झालं ते झालंच. १९८२ मध्ये कंपनीच्या आत सॅटर्न नावाने प्रोजेक्ट सुरू झाला आणि जानेवारी १९८५ मध्ये चेअरमन रॉजर स्मिथ यांनी ही पूर्ण वेगळी उपकंपनी असेल असं जाहीर केलं.

मला यात गाडीपेक्षा मोठी वाटते ती युनियनबरोबरची गोष्ट. यूएडब्ल्यू, म्हणजे अमेरिकेतल्या मोटार कामगारांची युनियन, आणि मॅनेजमेंट यांची ९९ जणांची एक टीम केली होती, ते लोक ठिकठिकाणचे प्लांट आणि दुसऱ्या कंपन्या बघून आले आणि कोरी पाटी घेतली तर कारखाना कसा असावा हे त्यांनी एकत्र बसून ठरवलं. यूएडब्ल्यूकडून डॉन एफ्लिन यांनी हे पुढे रेटलं. टेनेसीतल्या स्प्रिंग हिलला प्लांट उभा राहिला, तिथे कामगारांचा करार वेगळा होता, पगाराचा काही भाग क्वालिटी, ट्रेनिंग आणि प्रॉडक्शनच्या टार्गेटवर आणि त्याच्या बदल्यात निर्णयांत वाटा आणि नोकरीची हमी. असेंब्ली लाइनवर गाडीच्या मागे मागे चालत काम करायच्या ऐवजी माणूस गाडीबरोबर सरकत्या प्लॅटफॉर्मवर उभा राहायचा. ३० जुलै १९९० ला पहिली गाडी बाहेर आली, ती चालवत स्मिथच बाहेर आले आणि लगेच रिटायर झाले.

प्रश्न: गाडीची किल्ली देताना शोरूममधले सगळे जमून टाळ्या वाजवायचे हे खरं का? का ही सगळी जाहिरातबाजी होती?

खरं आहे. नवीन गाडी घेतली की स्टाफ गोळा व्हायचा, टाळ्या, आरडाओरडा, मालकाचा गाडीसोबत फोटो. काही लोकांना लाज वाटायची, ते सरळ सांगायचे की हे नको, पण बहुतेकांनी तो फोटो जपून ठेवलाय, तुमच्यातल्या एका ताईंनी तर पत्राबरोबर पाठवलाय, आणि फोटोत त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून मला खरंच बरं वाटलं.

पण टाळ्या ही वरवरची गोष्ट, खरा फरक किमतीत होता. त्या काळी अमेरिकेत गाडी घ्यायची म्हणजे दोन-तीन तास घासाघीस, सेल्समन आत जाऊन मॅनेजरला विचारून येतो म्हणणार, पुन्हा बाहेर येणार, शेवटी आपण फसलो का वाचलो हे कळतच नाही, आणि एकट्या बाईला किंवा नवीन आलेल्या माणसाला जास्त किंमत लावली जाण्याची भीती वेगळीच. सॅटर्नने सांगितलं की स्टिकरवर आहे तीच किंमत, सगळ्यांना सारखी. सुरुवातीची साधी एसएल आठ हजार डॉलरच्या आत होती. सेल्समनलाही कमिशनसाठी मागे लागायची गरज नव्हती आणि एका भागात एकाच मालकाकडे शोरूम असल्याने शेजारच्या डीलरशी भाव पाडायची स्पर्धा नव्हती, त्यामुळे ते जमलं. नव्वदच्या सुरुवातीला जे. डी. पॉवर या सर्व्हे कंपनीच्या ग्राहक समाधानाच्या यादीत या स्वस्त गाडीचं नाव लेक्सस आणि इन्फिनिटी या महागड्या गाड्यांच्या पंगतीत यायचं!

आणि विश्वास खरा बसला तो चुका झाल्यावर. १९९१ मध्ये पुरवठादाराकडून आलेलं कूलंट चुकीचं निघालं, त्याने इंजिन खराब होणार होतं, तर कंपनीने दुरुस्ती न करता अठराशेच्या वर गाड्याच बदलून दिल्या. गाडीच्या बदल्यात गाडी. सीटचा रिकॉल झाला तेव्हा अलास्कातल्या एका मालकिणीसाठी माणूस सीट घेऊन तिकडे गेला, त्याची पुढे जाहिरातही झाली. १९९३ मध्ये वायरिंगसाठी साडेतीन लाखांवर गाड्या परत बोलवाव्या लागल्या, दुसऱ्या कंपनीची अब्रू गेली असती, इथे कित्येक डीलरांनी त्या दिवशी बार्बेक्यू ठेवलं, गाड्या धुऊन दिल्या, आणि लोक हसत घरी गेले. म्हणून १९९४ च्या जूनमध्ये स्प्रिंग हिलला मालकांना बोलावलं तेव्हा चाळीस हजारांच्या आसपास लोक स्वतःच्या गाड्या चालवत, स्वतःच्या खर्चाने, कारखाना बघायला आले. फेरारी नव्हे, एका साध्या इकॉनॉमी कारसाठी. मला अजूनही अमेरिकन गाड्यांच्या इतिहासातली ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते.

प्रश्न: वागणूक चांगली होती ते ठीक, पण गाडी म्हणून कशी होती? आमच्याकडे दोन मतं आहेत, एक म्हणतो मरेपर्यंत चालते, दुसरा म्हणतो तेल पिते.

दोघंही बरोबर आहेत.

पहिल्या गाड्या म्हणजे एस सिरीज, एसएल सेडान, एससी कूपे आणि १९९३ पासून एसडब्ल्यू वॅगन. इंजिन १.९ लिटरचं, साधं ८५ हॉर्सपॉवरचं आणि ट्विन कॅमचं १२४ च्या आसपास. आत स्टीलचा सांगाडा आणि दारं, फेंडर पॉलिमरचे. बॉनेट, छप्पर आणि डिकीचं झाकण मात्र स्टीलचंच, हे पुष्कळांना माहीत नसतं. पार्किंगमध्ये शॉपिंग कार्ट आपटली तर दार आत जाऊन परत बाहेर यायचं, शोरूमवाले गुडघा मारून दाखवायचे. ज्या राज्यांत बर्फासाठी रस्त्यावर मीठ टाकतात तिथल्या मालकांना तर हे वरदान होतं, बाजूच्या गाड्यांचे फेंडर गंजून गळायचे आणि ही तशीच. त्याची किंमत म्हणजे प्लास्टिक उन्हात फुगतं म्हणून पॅनलमध्ये मोठ्या फटी ठेवाव्या लागल्या, ते काहींना घाईत बनवल्यासारखं दिसायचं.

घरी स्वतः काम करणारे लोक या गाडीवर जीव टाकतात. ठरावीक मैलांनी बदलावा लागणारा टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे. ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचा फिल्टर ऑइल फिल्टरसारखा बाहेरून फिरवून काढता येतो, पॅन उघडायला नको. मॅन्युअल एसएल१ हायवेवर गॅलनला ४० मैलांच्या जवळ द्यायची.

तक्रारी पण ठरलेल्या आहेत. आवाज फार, विशेषतः ट्विन कॅम जोरात फिरवलं की आत घुमतं. आणि तेल. पिस्टनच्या ऑइल रिंगच्या खाचेतून तेल खाली जायला पुरेशी वाट नव्हती, त्यामुळे तिथे कार्बन साचतो, रिंग चिकटतात आणि तेल जळायला लागतं. धूर दिसेलच असं नाही, म्हणून मालकाला पत्ताच लागत नाही आणि तेल कमी असताना चालवून चेन आणि इंजिन जातं. ज्यांनी दर वेळी पेट्रोल भरताना डिपस्टिक बघितली त्यांच्या गाड्या दोन-अडीच लाख मैल गेल्या, ज्यांनी बघितली नाही ते आजही शिव्या देतात. तुमच्या घरातली दोन मतं बहुतेक इथूनच आली असणार.

प्रश्न: एवढे खूश ग्राहक असताना कंपनी बंद कशी पडते? मंदीमुळेच ना?

मंदीने शेवटचा धक्का दिला, पण आजार जुना होता, आणि याचा मला अजून राग येतो.

१९९४ मध्ये २ लाख ८६ हजारांच्या आसपास गाड्या विकल्या, तो कळस. त्या वेळी लोकांना पुढची गाडी हवी होती, कुटुंब वाढलं, मोठी सेडान हवी, एसयूव्ही हवी. सॅटर्नकडे काय होतं? तीच एस सिरीज. जीएमच्या बाकीच्या डिव्हिजनना वाटत होतं आमचे पैसे तिकडे ओतले, अब्जावधी डॉलर गेले होते आणि छोट्या गाडीवर नफा मुश्किलीने निघतो, त्यामुळे नवीन मॉडेलचे पैसे अडले. जवळजवळ दहा वर्षं गेली. दुसरी गाडी, एल सिरीज, आली १९९९ मध्ये, ती जीएमच्याच तेव्हाच्या जर्मन कंपनीच्या, ओपेलच्या, व्हेक्ट्रा गाडीवर बेतलेली आणि स्प्रिंग हिलला नाही तर डेलावेअरमधल्या विल्मिंग्टनला, नेहमीच्या करारावर बनलेली. म्हणजे जे वेगळं म्हणून कंपनी काढली ते पहिल्याच संधीला बाजूला ठेवलं. तोपर्यंत खूश असलेले मालक होंडा ॲकॉर्ड आणि टोयोटा कॅमरी घेऊन बसले होते, डीलरवर प्रेम असूनही, कारण त्या डीलरकडे विकायला काही नव्हतं.

मग व्ह्यू ही एसयूव्ही आली, ती बरी होती, २००४ पासून तर तिच्यात होंडाचं व्ही६ इंजिन होतं आणि मालक आजही त्याची स्तुती करतात, पण सुरुवातीच्या काही व्ह्यूंमधलं सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेलं ऑटोमॅटिक ट्रान्समिशन, इतकं खराब निघालं की जीएमला त्याची वॉरंटी वाढवावी लागली. एस सिरीजच्या जागी आलेल्या आयन या छोट्या गाडीच्या आतलं प्लास्टिक आणि मधोमध लावलेलं मीटर कोणालाच आवडलं नाही. स्प्रिंग हिलच्या कामगारांनी जुना वेगळा करार सोडून राष्ट्रीय करार घेतला, मार्च २००७ मध्ये तिथलं सॅटर्नचं प्रॉडक्शन थांबलं. गंमत अशी की गाड्या त्याच वेळी सुधारल्या, ऑरा सेडानला २००७ चा नॉर्थ अमेरिकन कार ऑफ द इयर मिळाला, आऊटलुक ही एसयूव्ही, स्काय ही उघड्या छपराची दोन सीटची गाडी चांगल्या होत्या. फक्त त्या सॅटर्न राहिल्या नव्हत्या, ओपेलच्या नाहीतर जीएमच्याच दुसऱ्या गाड्यांच्या बहिणी होत्या.

१ जून २००९ ला जीएम दिवाळखोरीत गेली. चारच दिवसांत गाड्यांच्या डीलरशिपचे मोठे उद्योगपती रॉजर पेन्स्के यांनी सॅटर्न घ्यायची तयारी दाखवली, साडेतीनशेच्या आसपास डीलरांच्या जिवात जीव आला. जीएमने काही काळ गाड्या बनवून द्यायच्या आणि नंतर दुसऱ्या कंपनीकडून घ्यायच्या असा बेत होता, ती बोलणी रेनोशी चालू होती, रेनोच्या बोर्डाने नाही म्हटलं आणि ३० सप्टेंबरला पेन्स्के मागे हटले. २०१० मध्ये सगळं गुंडाळलं. स्प्रिंग हिलला आता कॅडिलॅक बनतात.

प्रश्न: आयन स्वस्तात मिळतेय, घ्यावी का?

इग्निशन स्विचचं काम झाल्याचा पुरावा असल्याशिवाय हात लावू नका. २००३ ते २००७ च्या सगळ्या आयन जीएमच्या २०१४ च्या मोठ्या रिकॉलमध्ये आहेत, किल्ली चालू गाडीत आपोआप सरकायची, इंजिन बंद, आणि एअरबॅग पण उघडत नव्हती. जीएमच्या सगळ्या मॉडेलांत मिळून १२४ मृत्यू तिच्या भरपाई फंडाने मान्य केले. हा स्विच आयन बनत असतानाच त्रास देत होता आणि तरी गाडीत गेला, ग्राहकाला गाडीच्या बदल्यात गाडी देणाऱ्या ब्रँडच्या नावावर हे यावं याचं फार वाईट वाटतं. एनएचटीएसए या अमेरिकेच्या रस्ता सुरक्षा खात्याच्या साइटवर व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख नंबर, टाकला की रिकॉल बाकी आहे का ते फुकट कळतं.

प्रश्न: आणि स्काय?

हौसेसाठी असेल तर जरूर. २००७ ते २०१० ची मॉडेलं, रेड लाइन या जास्त ताकदीच्या प्रकारात २ लिटरचं टर्बो, २६० हॉर्सपॉवर. दिसायला आजही देखणी. छप्पर उघडून आत ठेवलं की डिकीत बॅग मावत नाही, हे सगळे मालक सांगतील. रिकॉलचं वर लिहिलंय ते हिलाही लागू आहे.

प्रश्न: सासऱ्यांची १९९७ ची एसएल२ गॅरेजमध्ये काही वर्षं उभी आहे, त्यांना ती मोडीत द्यायची नाहीये. मुलगी ड्रायव्हिंग शिकतेय, तिला देऊ का?

शिकायला रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये द्या, रोजच्या हायवेला नको. दोन एअरबॅग आहेत, पण स्टॅबिलिटी कंट्रोल नाही आणि एबीएस सगळ्यांत नव्हतं. नवशिक्या मुलीला आजची गाडी जास्त सांभाळून घेईल, सासऱ्यांना हे नीट समजावून सांगा, ते ऐकतील.

चालू करायच्या आधी जुनं पेट्रोल काढा, बॅटरी, टायर आणि ब्रेक होजेस बघून घ्या, तेल आणि कूलंट बदला. थंड असताना सुरू व्हायला त्रास देत असेल किंवा मायलेज पडलं असेल तर कूलंट टेंपरेचर सेन्सर आधी बदला, मूळच्या सेन्सरचं टोक प्लास्टिकचं होतं आणि ते तडकतं, पितळी टोकाचा घ्या, काम सोपं आहे. इंजिन-ब्रेकचे पार्ट अजून मिळतात, बॉडी पॅनल मात्र जंकयार्डमध्येच शोधावे लागतात. ते बोल्टने लावलेले असतात, त्यामुळे त्याच रंगाचं दार किंवा फेंडर सापडलं तर सासरे आणि नात मिळून घरीच बसवू शकतील.