शेजाऱ्यांचा लॅब्रॅडॉर सारखा सुटून आमच्या अंगणात येतो. सांगून उपयोग होत नाही. तक्रार कुठे करावी?

लॅब्रॅडॉर आठवड्यातून दोन-तीनदा येतो, कुंड्या उकरतो, आईला अंगणात बसायची चोरी झालीय, शेजारी "तो काही करत नाही हो" म्हणून हसतात, हे सगळं तुम्ही लिहिलंत. पण कुत्रा सुटतो कुठून, त्याबद्दल एक ओळ नाही. फाटकातून? कुंपणाखालून? की पट्ट्यातून मान काढून? तुम्हाला माहीत नसणार. आणि पैजेवर सांगतो, तुमच्या शेजाऱ्यालाही माहीत नसणार.

मी एवढं ठासून बोलतोय कारण मी पलीकडच्या बाजूचा माणूस आहे. सुटणारा कुत्रा माझा होता.

देवरुखच्या पुढे आमची वाडी. एसटीत कंडक्टर म्हणून २९ वर्षं काढली आणि २०१९ ला घरी येऊन बसलो. शेजारी चुलतभावाचं घर, मध्ये जांभ्याच्या दगडांचा गडगा. चुलतभाऊ माझ्याहून चार वर्षांनी मोठा, सगळी वाडी त्याला तात्या म्हणते. आमचं दोघांचं कशावरून पटत नाही ते सांगायला बसलो तर तुमचा लॅब्रॅडॉर म्हातारा होईल. त्यातला गडग्याचा भाग तेवढा पुढे येईल, कारण तो या प्रश्नाला लागू आहे.

बंड्याच्या आधी राजा होता. तात्याला कुत्रं मोकळं फिरलेलं खपत नाही, त्याच्या कोंबड्या आहेत. म्हणून मी राजाला रात्री खळ्यातल्या खांबाला साखळीने बांधायचो. २०२० च्या जानेवारीत एका पहाटे उठून बाहेर आलो तर साखळी खांबालाच, टोकाला वाकलेला हुक, आणि खळ्यातून गडग्याकडे ओढत नेल्याची रेघ. बिबट्या. आमच्याकडे त्यालाही वाघच म्हणतात. कुणी भुंकल्याचा आवाजसुद्धा ऐकला नाही. राजा मोकळा असता तर पडवीत शिरला असता, गोठ्यात घुसला असता, काहीतरी केलं असतं. बांधलेला कुत्रा म्हणजे बिबट्याला पानावर वाढून ठेवल्यासारखा. "कुत्रा बांधून ठेवा, संपला विषय" असं म्हणणाऱ्यांना मी तेव्हापासून फार उत्तर देत नाही.

मग बंड्या आणला. गावठीच, तांबूस, एक कान पडका. त्याला पट्टा होता, साखळी होती, आणि तरी सकाळी पट्टा साखळीला लोंबत असायचा आणि बंड्या गावभर. कसा सुटतो ते कळत नाही बुवा, असं मी सगळ्यांना सांगायचो.

भाद्रपदात कुत्र्यांचं काय होतं ते मराठी माणसाला समजावायला नको. २०२२ चे गणपती. तात्याकडे मुंबईहून सतरा माणसं आलेली, दोन्ही मुलगे, सुना, नातवंडं, व्याही. आमच्याकडे गौरी पूजनाला तिखटाचा नैवेद्य असतो. त्यासाठी तात्याने दोन कोंबडे पंधरा दिवस तांदूळ घालून पोसले होते. ४ सप्टेंबरला गौरी पूजन. पहाटे बंड्या खुराड्यात शिरला. एक कोंबडा जागीच मारला, दुसरा तोंडात धरून पळाला. तात्याचा दहा वर्षांचा नातू त्याच्या मागे काठी घेऊन. कुत्र्याच्या तोंडात शिकार असताना त्याच्या मागे धावू नये, हे मुंबईच्या पोराला कोण सांगणार? बंड्या वळला आणि पोराची पोटरी धरली.

इथे थोडं थांबतो, कारण कुत्रा कोणाचाही असो, हे उपयोगी पडेल. पोराच्या आजीने मिरचीची पूड आणि चुना आणला होता. मी तो हातातून काढून घेतला आणि पोराला विहिरीवरच्या नळाखाली बसवून साबणाने पाय धूत राहिलो, घड्याळ लावून पंधरा मिनिटं. लोक तोंडावर हसले. पण तेच पहिलं औषध आहे. मग मीच त्याला मोटारसायकलवर घालून सरकारी दवाखान्यात नेलं. तात्याचा मुलगा मागे बसला होता, पूर्ण रस्ता एक शब्द बोलला नाही. रक्त आलं होतं, त्यामुळे लसीबरोबर जखमेतही इंजेक्शन दिलं. बंड्याला तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात रेबीजची लस टोचून आणली होती, पण चिठ्ठी मी हरवलेली. डॉक्टर म्हणाले, चिठ्ठी असती तरी पोराला लस दिलीच असती. पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या. सातव्या दिवसापर्यंत पोरगं थांबलं, शेवटचा डोस मुंबईत घेतला. फुकट असतो, घाबरून अंगारा लावत बसू नका. आणि कुत्र्याला मारून टाकू नका, त्याला दहा दिवस नजरेसमोर ठेवायचं असतं. दहा दिवसांत तो ठणठणीत राहिला तर चावला तेव्हा त्याच्या लाळेत रोग नव्हता.

ते दहा दिवस बंड्या आमच्या पडवीत कोंडलेला. त्याच दिवसांत एका संध्याकाळी तात्या गडग्यापाशी उभा राहून ओरडला, "बांध त्याला, न्हायतर काय घालायचं ते मी घालीन." वाडीत सगळ्यांनी ऐकलं. मी रात्रभर टॉर्च घेऊन पडवीत बसलो. चुलतभाऊ आपल्या कुत्र्याला विष घालेल म्हणून राखण करायची, हे वयाच्या साठाव्या वर्षी फार वाईट वाटतं.

प्रकरण तंटामुक्ती समितीत गेलं. २००७ साली ही मोहीम आली तेव्हा आमच्या गावात समिती झाली होती, नंतर ती नुसती बोर्डावर राहिली. पण अध्यक्ष जुने शाळामास्तर, त्यांनी मनावर घेतलं. तात्याच्या ओटीवर आठ माणसं बसली. तात्या तासभर बोलला, कोंबड्यांचा भाव सांगितला, नातवाची पोटरी दाखवली. मी पाऊण तास बोललो, राजापासून सुरुवात केली. मास्तरांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बंड्या तुमच्याकडून यांच्याकडे जातो कुठून?" सगळे गप्प. भर पावसात आम्हाला इरली-छत्र्या घेऊन उठवलं आणि गडग्याच्या कडेने चालवत नेलं.

फणसापाशी गडग्याला चार हातांचं खिंडार. चिखलात पंजांची पाऊलवाट पडलेली, गवत दोन्ही बाजूंना झोपलेलं. तात्या म्हणाला, पावसाने दगड पडले. तेव्हा माझ्या तोंडातून गेलं, "पावसाने पडलेले दगड तुझ्या न्हाणीच्या जोत्यात चढले कसे?" २००९ साली त्याने न्हाणीघर बांधलं तेव्हा गडग्याचे दगड नेले होते. तेव्हा मी विचारलं तर म्हणाला होता, गडगा माझ्या वडिलांनी घातलाय. नाही. आमच्या आणि त्याच्या वडिलांनी मिळून घातलाय, गडगा सामाईक आहे, आणि त्याची डागडुजी दोघांनी करायची हे माझ्या वडिलांनी मला दहादा सांगितलंय. मास्तरांनीही तेच सांगितलं. इथे लेखी लिहून ठेवतो म्हणजे पुन्हा वाद नको.

कार्तिकात गडगा घातला. दोन गडी, दोन दिवस. मजुरी मी दिली, तात्याने चहा दिला. वाटणी कशी झाली ते तुम्हीच बघा. त्याच महिन्यात बंड्याचं खच्चीकरण करून आणलं. हे आधीच करायला हवं होतं, भाद्रपदातली भटकंती पुष्कळ कमी झाली.

आता तुमच्याकडे वळतो. आठ दिवस बघा, लॅब्रॅडॉर कुठून येतो. मोबाईलवर वेळेसकट फोटो काढा. ही जात हुशार आहे, साधी कडी नाकाने उचलते. फाटकाला खालून दुसरी कडी लागली तरी निम्मं काम होतं. कुंपणाखालून येत असेल तर माती उकरलेली दिसेल. पट्टा काढत असेल तर पट्टा सैल आहे. मानेत आणि पट्ट्यात दोन बोटं जावीत, तीन नाही. हे बघून मग शेजाऱ्याकडे जा आणि कुत्र्याबद्दल न बोलता भोकाबद्दल बोला. माणसाला कुत्र्याबद्दल ऐकवलं तर त्याला पोटच्या पोराबद्दल ऐकवल्यासारखं लागतं. मला लागायचं.

तक्रारीचं विचारलंत म्हणून. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम २९१ प्रमाणे पाळीव जनावरापासून माणसाला धोका होऊ नये याची काळजी घेतली नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या, पोच घ्या. शहरात असाल तर महापालिकेकडे कुत्र्याचा परवाना आणि लसीची नोंद आहे का तेही विचारा. एवढ्यानेच बरेच शेजारी जागे होतात. मात्र "चोवीस तास बांधून ठेवा" अशी मागणी करू नका. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा १९६० चा कायदा आहे, त्याच्या कलम ११ मध्ये कुत्र्याला कायम बांधून ठेवणं आणि फिरवायला न नेणं हाही गुन्हा आहे. पहिल्या वेळी दंड दहा ते पन्नास रुपये. पन्नास रुपयांत आज आमच्या स्टँडवर दोन वडापाव येतात, पण कायदा कायदा आहे.

आणि विषाचं कुणी सुचवलं तर त्या माणसाच्या घरी चहाही घेऊ नका. न्याय संहितेचं कलम ३२५, पाच वर्षांपर्यंत कैद. तात्याला हे मी मास्तरांसमोर सांगितलं होतं. तेव्हा कलम वेगळं होतं, पण अर्थ तोच.

हे सगळं कुत्रा उपद्रवी पण गरीब आहे असं धरून लिहिलंय. अंगावर धावून येत असेल, किंवा एकदा जरी दात लागले असतील, तर भोकं शोधत बसू नका, आधी आईला आत घ्या आणि त्याच दिवशी अर्ज द्या. सुरुवातीलाच लिहायला हवं होतं.

बंड्या अजून आहे. रात्री पडवीत, दार लावून. तात्याकडच्या पोराने गेल्या वर्षी त्याला बिस्किटं घातली, तात्या बघत होता, काही बोलला नाही.

राहता राहिला पट्टा. राजा गेल्यानंतर बंड्याचा पट्टा मी रोज रात्री दोन भोकं सैल लावायचो. वाघ आलाच तर त्याला मान काढून पळता यावं म्हणून. हे मी समितीत सांगितलं नाही, तात्यालाही सांगितलेलं नाही.