बडोद्याच्या दमट हवेत बाळाचे लहान झालेले कपडे पुढच्या बाळासाठी कसे ठेवावेत?

आधी डांबरगोळ्या लांब ठेवा, हे कळकळीने सांगते. त्यांतल्या नॅप्थलिनची वाफ कपड्यांत मुरते आणि जी६पीडी (रक्तातल्या तांबड्या पेशींना जपणारं एंझाइम) कमी असलेल्या बाळाच्या तांबड्या पेशी त्याने फुटू शकतात, कावीळ होते. ही कमतरता तपासणीशिवाय कळत नाही. त्याऐवजी वाळवलेला कडुनिंबाचा पाला मलमलच्या पुरचुंडीत घाला.

दुधाचे डाग फसवे असतात. ठेवताना झबलं पांढरं स्वच्छ दिसतं, वर्षभराने गळ्याशी पिवळा पट्टा उमटतो. म्हणून गळा आणि बाह्या गार पाण्यात भिजवून, साबणाने चोळून मगच नेहमीसारखं धुवा. गरम पाण्याने डाग पक्का बसतो. खळ अजिबात नको, कसर लागते.

जुलै-ऑगस्टमध्ये बांधाबांध करूच नका. कपडा हाताला कोरडा लागला तरी कमरेच्या इलॅस्टिकात ओल असते, तिथूनच बुरशी धरते. दसऱ्यानंतरचं कडक ऊन दाखवा.

गठ्ठे वयाप्रमाणे करा: ०-३ महिने, ३-६ महिने, वर चिठ्ठी. जरीची कुंची मात्र प्लॅस्टिकमध्ये नको, जर काळी पडते. जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळा आणि अधूनमधून घडी बदला.